देव नव्हे, आमच्या घरातली

वन्सं,

तुमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी माझ्याकडे तुमच्या आठवणीच्या चार ओळी मागितल्यात. ‘तुम्ही त्यांच्या भावजय. तुमच्याइतकं जवळचं दुसरं कोण?’ असं म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि चार दिवस नुसती वही उघडून बसतेय. तुमचं शिक्षण, तुमची नोकरी, तुमच्या हाताखालून गेलेल्या मुली, हे दुसरं कुणीही लिहील. मला लिहायचंय ते एका दुपारबद्दल. ती दुपार पुरती पाहिलेल्या आपण दोघीच. आता ती एकट्या माझ्याकडे राहिली आहे, आणि मला ती पेलत नाही.

दुष्काळ सरून पहिलंच बरं साल आलं होतं. तुम्ही नुकत्याच निवृत्त झाला होतात. ह्यांनी मनावर घेतलं होतं, की अक्काच्या कामाचं एक प्रदर्शन आपल्या सांगलीत व्हायलाच पाहिजे. इतकी वर्षं साताऱ्याच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही चित्रं काढत होतात, मातीची माणसं घडवत होतात, कुंभारवाड्यात जाऊन त्यांच्या भट्टीत ती भाजून घेत होतात. पाहायला कोण? शेजारपाजार, शाळेतल्या मुली, आणि दिवाळीला आलो तर आम्ही. ह्यांनी वाचनालयाचा हॉल तीन दिवसांसाठी मिळवला, घरोघर जाऊन आमंत्रणं दिली. कोल्हापूरच्या एका जाणत्या चित्रकारांना बोलावलं. त्यांना पसंत पडलं तर हेच प्रदर्शन पुढे कोल्हापुरात भरवायचं, असं बोलणंही झालं होतं.

तुम्ही सगळी शिल्पं भाताच्या पेंढ्यात गुंडाळून ओळखीच्या एका ट्रकमधून आणलीत आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आलात. दारात उतरलात तेव्हा केसांत पेंढ्याच्या काड्या होत्या आणि तुम्ही हसत होतात. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेल्या तुम्ही. तुम्हाला तसं मोकळं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. ‘कुसुम, एकाचाही टवका उडाला नाही बघ!’ असं म्हणालात.

नेमकी ह्यांच्या एका अशिलाची कोल्हापूरच्या कोर्टात तारीख लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुण्यांना घेऊनच येतो, असं सांगून हे गेले. पहिल्या दिवशी मी घरी आलेल्या नातेवाइकांच्या जेवणाखाण्यात अडकले होते. त्यामुळे मी हॉलवर आले ती दुसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला.

भिंतींवर तुमची चित्रं होती. धुक्यातला यवतेश्वरचा घाट. लोणंदच्या बाजारातल्या कांद्याच्या राशी आणि त्यांवर बसून डबा खाणारे हमाल. तुमच्या शाळेच्या शिपाईबाई, नऊवारीचा काष्टा खोचून घंटा देताना. मी एकेक पाहत पुढे गेले. मला अभिमान वाटत होता, खरंच. दोन ओळखीच्या बायकांना मी ‘ह्या आमच्या वन्सं’ असं दोनदा सांगितलं.

आणि मग हॉलच्या मधोमध चौथऱ्यावर ठेवलेली ती दिसली.

भाजलेल्या मातीची, हातभर उंचीची बाई. भुईवर बसलेली. खाली कार्ड होतं आणि त्यावर तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘अकरावा दिवस’.

माझी मुलगी अकरा दिवस जगली होती. बाराव्या दिवशी बारसं होतं. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते, पाळण्याला झिरमिळ्या लावून झाल्या होत्या. आत्या म्हणून तिच्या कानात नाव तुम्ही सांगायचं, म्हणून तुम्ही आदल्या दिवशीच साताऱ्याहून आला होतात. त्या अकराव्या दिवशी सकाळी तिनं दूध घेतलं नाही, आणि दुपारी ती गेली. पुढे दीड महिना तुम्ही शाळेतून रजा काढून आमच्याकडे राहिलात. माझ्या छातीला घट्ट फडकं बांधायचात, डोक्याला तेल लावायचात. ‘देवाची इच्छा’ वगैरे काही बोलायचा नाहीत. माझ्याजवळ बसायचात, तेवढंच.

त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. घरात तिचा विषय कुणी काढत नसे. मीही नाही.

त्या मातीच्या बाईचा चेहरा माझा नव्हता, पण बसणं माझं होतं. पाठ किंचित डावीकडे कललेली. उजवा हात कोपरात वाकलेला, आत डोकं असावं तसा, आणि त्यात काहीच नाही.

समोर एक खेड्यातली बाई उभी होती. दवाखान्यात कुणाला तरी भेटायला आली असावी आणि उन्हातून आत शिरली असावी. डोक्यावर पदर, हातात पितळी डबा. ती तुम्हाला विचारत होती, ‘आवं बाई, हिच्या हातात ल्येकरू का न्हाई?’

‘गेलं,’ तुम्ही म्हणालात.

‘व्हय. हात तसाच ऱ्हायलाय बगा. माजा बी लय दिस तसाच व्हता.’ आणि तिनं डबा खाली ठेवला आणि दोन बोटांनी त्या मूर्तीच्या कोपराला हात लावला. तुम्ही तिला अडवलं नाहीत.

तेवढ्यात मागून आमच्या शेजारच्या मालतीबाई आल्या. कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू, मायेनंच म्हणाल्या, ‘कुसुमताई, हे तुमच्यावरून केलंय का हो?’

वन्सं, मला तेव्हा काय झालं ते आज पाच वर्षांनीही नीट सांगता येत नाही. भर हॉलात कुणी तरी माझ्या अंगावरचा पदर ओढला, असं वाटलं. मी तुमचा दंड धरला आणि तुम्हाला मागच्या खोलीत नेलं. तिथं मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

‘ते काढा,’ मी म्हटलं.

‘कुसुम, जरा बस.’

‘आधी काढा. तुम्ही मला विचारलं होतंत? मी तिथं बसून होते तेव्हा तुम्ही काय, चित्रं काढत होतात माझी?’

‘नाही गं. तेव्हा मी पेन्सिलीला हातही लावला नाही. नऊ वर्षं नुसतं डोळ्यांपुढे होतं. हे करून होईपर्यंत मला दुसरं काही नीट सुचेना. तुला मी सांगणार होते. धीर झाला नाही.’

आणि मग मी ते वाक्य बोलले. ते पाच वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. इथं लिहिते.

‘तुम्हाला स्वतःचं मूल नाही, म्हणून माझं मेलेलं वापरलंत.’

तुम्ही माझ्याकडे पाहत राहिलात. मला वाटलं होतं तुम्ही रडाल, नाहीतर भांडाल. दोन्हींपैकी काही झालं असतं तर मी कदाचित भानावर आले असते. तुम्ही खाली पाहून नुसतं विचारलंत, ‘साताऱ्याला परत नेऊ?’

तिथं तरी मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, ‘नाही. पुन्हा कुणाच्याच नजरेला पडता कामा नये. तुमच्यासुद्धा.’

हॉलच्या दत्तोबा शिपायानं टांगा आणला. तुम्ही तुमची शाल तिच्याभोवती गुंडाळलीत आणि तिला मांडीवर घेऊन टांग्यात बसलात. मी शेजारी बसले. मला यायचं कारण नव्हतं. मी खात्री करून घ्यायला आले होते, वन्सं. तुमच्यावर माझा तेवढाही विश्वास उरला नव्हता. गणपतीच्या देवळापाशी टांगा खड्ड्यात गेला तेव्हा तुम्ही झटकन तिच्या डोक्यामागे हात धरलात.

घाटावर ऊन होतं, कृष्णेचं पाणी कडेला उतरलेलं. नावाडी म्हणाला, ‘मदी न्ह्यावं लागंल. हितं गुडघाभर बी न्हाई.’ शालीतून डोकं दिसत होतं, ते पाहून त्यानं हात जोडले आणि विचारलं, ‘कंचा देव म्हनायचा बाई?’

‘देव नव्हे,’ तुम्ही म्हणालात. ‘आमच्या घरातली आहे.’

त्याला काही उलगडा झाला नसावा. ‘भंगली व्हय?’ असं त्यानं विचारलं.

तुम्ही म्हणालात, ‘हो. तडा गेला.’

नाव मध्यावर गेली. तुम्ही पायरीवर उभ्या होतात. मी तुमच्या दोन पायऱ्या वर. नावाड्यानं ती हळूच पाण्यात सोडली, आपण गणपती सोडतो तशी, आणि रिकामी शाल परत आणून दिली. तुम्ही ती झटकून घडी केलीत. मला म्हणालात, ‘चल. चारला शाळेची मुलं यायची आहेत बघायला.’

संध्याकाळी हे पाहुण्यांना घेऊन आले. मी कोपऱ्यात चहाच्या कपबशा मांडत होते. पाहुण्यांना चित्रं आवडली, शिल्पंही आवडली. मग मधला रिकामा चौथरा पाहून त्यांनी विचारलं, ‘इथं काय होतं?’

‘तडा गेला होता, म्हणून काढून टाकलं,’ तुम्ही म्हणालात.

ह्यांचा चेहरा उतरला. चार माणसांदेखत हे तुम्हाला बोलले, ‘अक्का, आणण्याआधी भट्टीतनं नीट बघून नको का घ्यायला? माणसं एवढ्या लांबून येतात. मधली जागाच रिकामी! तुझं नेहमीचंच. वेळ आली की कच खातेस.’

‘चुकलंच माझं,’ तुम्ही म्हणालात.

मी चहा गाळत होते. मी मान वर केली नाही. पाहुण्यांना मी साखर किती ते विचारलं.

पाहुणे जाताना सौजन्यानं म्हणाले, ‘काम छान आहे, पण मधली एक मोठी गोष्ट हवी. ती झाली की कळवा.’ ती गोष्ट त्याच दिवशी दुपारी कृष्णेत गेली होती. कोल्हापूरचं नंतर काही झालं नाही. तुम्हीही पुन्हा कुठं प्रदर्शन भरवलं नाहीत. आणि घरात कधी तुमचा विषय निघाला, की हे म्हणायचे, ‘अक्काला एवढी संधी आणून दिली, पण ऐनवेळी माघार!’ पाच वर्षांत हे मी कितीदा ऐकलं असेन. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात काही तरी काम निघायचं.

भांडण मात्र माझ्या डोक्यात चालूच राहिलं. कारण एक सांगते, मी तुमच्यापुढे आजही सगळी हार मानलेली नाही. तुम्ही मला विचारायला हवं होतं. माझं दुःख चौथऱ्यावर मांडण्याआधी मला एक पोस्टकार्ड टाकायला हवं होतंत. नंतर वाईला नात्यातल्या एका लग्नात, पंगत उठल्यावर आपण दोघी हात धुवायला उभ्या होतो, तेव्हा मी हे तुम्हाला एकदाच बोलून दाखवलं. तुम्ही माझ्या हातावर तांब्यानं पाणी घालत म्हणालात, ‘विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मी तरीही केलं असतं. म्हणून विचारलं नाही. ती माझी चूक, कुसुम. पण एवढंच बघ, की ती काही माझी कुणी नव्हती असं नाही.’

त्या वेळी मी क्षमा मागू शकले असते. निदान एवढं तरी विचारू शकले असते, की बारशाला तुम्ही तिचं काय नाव ठरवलं होतं. तिच्या पाठीवर अविनाश झाला, त्याच्या कानात नाव तुम्हीच सांगितलंत. पण तिच्यासाठी आणलेलं नाव तुम्ही परत घेऊन गेलात आणि मी कधी मागितलं नाही. मी पदराला हात पुसले आणि ‘नवरीकडच्यांना वाढायचं राहिलंय’ म्हणून निघून गेले. आता ते नाव सांगणारं जगात कुणी नाही.

तुम्ही गेल्यावर आम्ही तुमच्या खोल्या आवरायला साताऱ्याला आलो. फळीवर मातीचे हत्ती होते, पक्षी होते, शेजारच्या मुलींसाठी केलेल्या चुली-बोळकी होती. माणूस एकही नव्हतं. हे म्हणाले, ‘शेवटी हात गेला होता अक्काचा.’ मी कुंभारवाड्यातल्या काशीबाईंना गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘हात कशानं जातोय? लय साफ हात व्हता बाईंचा. मी म्हनायची, बाई, आमच्या म्हातारीला करा की एकदा. तर म्हनायच्या, न्हाई गं, आता मानसं न्हाई करायची. मानसांस्नी इचारावं लागतं.’

वन्सं, मी तिथं भट्टीशेजारी तशीच उभी राहिले. काशीबाईंनी मला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत तुमच्यासाठी सभा होती. हे बोलायला उभे राहिले. खूप चांगलं बोलले. आणि मग म्हणाले, ‘आमच्या अक्काच्या हातात मोठी कला होती, पण स्वभाव जरा भित्रा. स्वतःच्या कामावर तिचाच विश्वास नव्हता. सांगलीला तिनं प्रदर्शन भरवलं, तेव्हाची गंमत सांगतो...’ लोक दुखवट्यातही हसायला तयार झाले होते.

मी उठले. मी म्हटलं, ‘तडा गेला नव्हता.’

ह्यांना वाटलं मला चक्कर आली. खाली बसवायला पुढे आले. मी माइकशी गेले नाही, जागेवरूनच बोलले. ती मूर्ती माझी होती, असं सांगितलं. आमची एक मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली, तिच्या मागे मी बसून असायचे तशी ती केली होती, असं सांगितलं. ती भित्रेपणानं काढली नाही, मी काढायला लावली आणि नदीत सोडायला लावली. भित्री मी होते, आणि वन्संनी माझी लाज झाकायला खोटं सांगितलं आणि सगळं स्वतःवर घेतलं. एवढंच बोलता आलं. ते मागच्या खोलीतलं वाक्य मात्र मी सभेत उच्चारलं नाही. म्हणजे तिथंही अर्धंच. मोठ्या बाईंनी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं, आणि सभा संपली. एकदोन बायका आल्या आणि माझा हात दाबून गेल्या.

परतीच्या एस.टी.त हे खिडकीशी बसले. उंब्रजच्या पुढे मी ह्यांना ते राहिलेलं वाक्यही सांगितलं. मला वाटलं, आता हे पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाहीत, आणि ते बरोबरच होईल. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली, माणसं उतरली-चढली. हे हलले नाहीत. गाडी पुन्हा चालू झाल्यावर रस्त्याकडे बघतच म्हणाले, ‘मी तिला चारचौघांत बोललो. तुला ऐकू येत होतं.’

‘हो.’

‘मला तेव्हा सांगायचं नाहीस?’

‘नाही सांगितलं.’

मग ह्यांनी विचारलं, ‘कशी होती गं ती? मी बघितलीच नाही.’

मी सांगायला लागले. पायांपासून सुरुवात केली. एक पाय आडवा, एक गुडघा अर्धा उभा. लुगड्याच्या चुण्या तुम्ही काडीनं ओढल्या होत्या, पदराच्या कडेला तुमच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता. पाठ डावीकडे कललेली. मान खाली नव्हती, दाराकडेही नव्हती. कुणी हाक मारली तर ऐकू येणार नाही अशी. मी ती जेमतेम काही मिनिटं पाहिली होती, तीही रागानं. पण वन्सं, मला सगळं आठवत होतं. इस्लामपूर मागे पडलं तरी मी सांगतच होते.

माझं सांगून झालं. हे चष्मा काढून हातात घेऊन बसले होते.

‘तशीच बसायचीस तू,’ हे म्हणाले. ‘मी रोज कोर्टातनं आलो की दारातनं बघायचो. आत यायचा धीर व्हायचा नाही. तसाच माघारी वळायचो.’

हे दारातून वळून जायचे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. त्या खोलीत येऊन माझ्याजवळ बसायचात त्या फक्त तुम्ही.